नंबर एक ठरवतं कोण?

१९५२ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये पर्सी डिकिन्स नावाचे गृहस्थ टेलिफोन घेऊन बसले. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' हे संगीताला वाहिलेलं साप्ताहिक तेव्हा नव्याने जम बसवत होतं. जाहिराती मिळायच्या तर लोकांनी अंक मुद्दाम उघडून बघावा असं त्यात काहीतरी हवं होतं, आणि डिकिन्स जाहिरातींचंच काम बघायचे. त्यांनी वीसेक रेकॉर्डविक्रेत्यांना फोन लावले, या आठवड्यात काय जास्त खपलं ते विचारलं, बेरजा मारल्या आणि १४ नोव्हेंबरच्या अंकात यादी छापून टाकली. यादी बारा क्रमांकांची, गाणी मात्र पंधरा. काही ठिकाणी बरोबरी झाली होती आणि बरोबरी सोडवायची कशी हे कोणी ठरवलंच नव्हतं. पहिल्या क्रमांकावर अल मार्टिनो हा अमेरिकन गायक होता. तो तिथे नऊ आठवडे ठाण मांडून बसला.

आज ज्याला ब्रिटनचा अधिकृत सिंगल्स चार्ट (सिंगल म्हणजे एखाद्या गाण्याची सुटी रेकॉर्ड) म्हणतात त्याचा जन्म हा असा. वीस दुकानदार म्हणाले ते खरं. त्यातला एखादा त्या दिवशी घाईत असेल, एखाद्याला पडून राहिलेला माल खपवायचा असेल, एखाद्याने खरोखरच वही उघडून बघितलं असेल. आता सत्तरहून जास्त वर्षं झाली, मोजायची साधनं बदलली, पण माझं कुतूहल अजून तिथेच आहे. कोणतं गाणं पहिलं आलं यापेक्षा ते पहिलं आलं असं कोणी आणि कसं ठरवलं, यात मला जास्त रस. चार्टची नियमावली वाचायला घेतली की एकेका नियमामागे कोणीतरी केलेली लबाडी सापडते, नाहीतर कोणाच्याच डोक्यात न आलेली अडचण. पॉप संगीताचा इतिहास लिहिणारे लोक गायक-गायिकांबद्दल लिहितात. मला वाटतं, निम्मा इतिहास या नियमांत आहे.

मला हा नाद लागला साताऱ्यात, शाळेत असताना. वडिलांचा शॉर्टवेव्हचा रेडिओ होता आणि त्यावर रात्री बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस लागायची. म्हणजे लागायची आणि जायची. नेमके क्रमांक सांगायच्या वेळी खरखर सुरू झाली की मी रेडिओ उचलून खिडकीच्या गजांना टेकवायचो. दोनशे पानी वहीत रकाने आखलेले असत. या आठवड्याचा क्रमांक, गेल्या आठवड्याचा, आणि आतापर्यंतचा सर्वांत वरचा. ऐकू न आलेल्या नावापुढे शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्ह. त्यातली बरीचशी गाणी मी प्रत्यक्षात ऐकलेलीच नव्हती. त्या कॅसेट साताऱ्यात मिळत नसत. मुंबईला मामाकडे गेलो की काळा घोड्याला रिदम हाउसमध्ये जायचो, कॅसेटची वेष्टणं उलटीपालटी करून वाचायचो आणि ठेवून द्यायचो. गाणं न ऐकता त्याच्या क्रमांकाची काळजी वाहणं हे वेडच म्हणायचं, पण शारजाचा सामना न बघता आम्ही स्कोअर विचारत गावभर हिंडायचो, त्यातलाच प्रकार.

आईला या वहीचं अजिबात नवल वाटायचं नाही. "आम्ही नाही का गीतमाला लिहून ठेवायचो," ती म्हणायची. "तुझे मामा तर पायदान चुकलं तर जेवायचे नाहीत."

'बिनाका गीतमाला' रेडिओ सिलोनवर सुरू झाली ती ३ डिसेंबर १९५२ ला. म्हणजे लंडनच्या त्या यादीला तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण योगायोग भारी आहे. आपल्याकडे कारण वेगळं होतं. नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, सिनेसंगीताला नाकं मुरडणारे. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हद्दपार झाली आणि अख्खा देश सिलोनकडे वळला. अमीन सायानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचे आणि टेपा विमानाने कोलंबोला जायच्या. सुरुवातीला ती बक्षिसांची स्पर्धा होती. पत्रांचे ढीग इतके यायला लागले की तपासणं अशक्य झालं, तेव्हा १९५४ पासून क्रमवारी आली. ती लावायची रेकॉर्डच्या विक्रीवरून. आता विक्रीवरून क्रम लावायचा तर दुकानात रेकॉर्ड शिल्लक असायला हवी. माल संपला की गाणं खाली यायचं, लोकांना ते आवडेनासं झालं म्हणून नव्हे. यावर तोड म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मतं मागवायला सुरुवात झाली. आणि एखादं गाणं फारच आठवडे ठिय्या देऊन बसलं, तर त्याला 'सरताज गीत' म्हणून बिगुल वाजवून निरोप द्यायचा. हा बिगुल लक्षात ठेवा. ब्रिटिशांना असा काही उपाय शोधायला पुढे साठ वर्षं लागली, आणि त्यांनी तो बिगुलाशिवाय केला.

इकडे लंडनमध्ये 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ची यादी चालली म्हटल्यावर बाकीच्यांनीही दुकानं उघडली. १९५५ ला 'रेकॉर्ड मिरर', १९५६ ला 'मेलडी मेकर', १९५८ ला 'डिस्क', १९६० ला 'रेकॉर्ड रिटेलर'. प्रत्येकाचे दुकानदार वेगळे, त्यामुळे प्रत्येकाचा नंबर वन वेगळा असू शकायचा. बीबीसीने यावर काढलेला तोडगा म्हणजे या सगळ्यांची सरासरी. शेवटी १९६८ साली त्या सरासरीत पहिल्या क्रमांकावर एकदम तीन गाणी बरोबरीत आली. तेव्हा कुठे बीबीसी आणि 'रेकॉर्ड रिटेलर' यांनी मिळून पैसे घातले आणि १९६९ च्या फेब्रुवारीपासून एका बाजार-सर्वेक्षण संस्थेकडे हे काम दिलं. तीनशे दुकानं आठवड्याची विक्री नोंदवहीत लिहून टपालाने पाठवणार. अधिकृत म्हणावा असा चार्ट हा इथून पुढचा.

पण मग १९६० ते १९६९ या काळातला अधिकृत कोणता? नंतरच्या संदर्भग्रंथवाल्यांनी 'रेकॉर्ड रिटेलर' धरला आणि तोच रूढ झाला. गंमत अशी की त्या काळात त्याची दुकानं सगळ्यांत कमी, सुरुवातीला तर तीसच्या आसपास; 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ची कितीतरी जास्त. याचा सगळ्यात मोठा फटका बसला तो बीटल्सच्या 'प्लीज प्लीज मी'ला. १९६३ च्या फेब्रुवारीत ते 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'मध्ये पहिलं, 'मेलडी मेकर'मध्ये पहिलं, 'डिस्क'मध्ये पहिलं. 'रेकॉर्ड रिटेलर'मध्ये दुसरं. म्हणून इतिहासात दुसरं. बीटल्सच्या नंबर वन गाण्यांचा जो संग्रह २००० साली निघाला आणि जगभर तुफान खपला, त्यात ते नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये तरुण असलेल्या कोणालाही विचारा, तो शपथेवर सांगेल की ते पहिलं होतं, आणि तो खोटं बोलत नसेल. माझ्या मते ते पहिलंच होतं. कमी दुकानं विचारणाऱ्याचा शब्द अखेरचा मानायचा, हे कोणत्या न्यायात बसतं?

दुसऱ्या क्रमांकावर अडकलेल्या गाण्यांचा एक वेगळाच दरबार भरवता येईल. १९६७ साली 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' ही एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंवरची बीटल्सची गाणी दुसऱ्या क्रमांकावर थांबली. वाट अडवून बसला होता एंगलबर्ट हम्परडिंक, जन्मगाव मद्रास. १९८१ साली अल्ट्राव्हॉक्सचं 'व्हिएन्ना' हे भारदस्त गाणं चार आठवडे दुसरं राहिलं आणि त्यातले तीन आठवडे त्याच्या डोक्यावर बसलेलं गाणं होतं जो डॉल्सीचं 'शडाप यू फेस', इटालियन उच्चारांची टर उडवणारा एक टाइमपास. अल्ट्राव्हॉक्सच्या चाहत्यांना अजून हा विषय काढलेला चालत नाही. मला मात्र चार्ट अशाच वेळी खराखुरा वाटतो. लोकांना जे आवडायला हवं ते आणि लोकांनी खिशातून पैसे काढून जे घेतलं ते, यात असं अंतर पडायचंच.

या दरबारातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण १९७७ च्या जूनमधलं. राणीच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाल्याचा सोहळा, रस्त्यांवर पताका, आणि त्याच आठवड्यात सेक्स पिस्टल्सचं 'गॉड सेव्ह द क्वीन' खपत होतं. नावावरून राष्ट्रगीत वाटलं तरी मामला बरोबर उलटा. बीबीसीने ते वाजवायला नकार दिला, काही दुकानांनी विकायला. तरी ते खपलं. बीबीसीच्या चार्टमध्ये ते दुसरं आलं, पहिला रॉड स्टुअर्ट. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ने तोवर आपला वेगळा चार्ट चालू ठेवला होता, त्यात ते पहिलं. राणीच्या आठवड्यात हे गाणं पहिलं येऊ नये म्हणून आकड्यांत हात घातला गेला असा आरोप तेव्हापासून होत आला. सिद्ध काही झालं नाही. पण एक गोष्ट डोळ्यांनी दिसण्यासारखी होती. काही दुकानांत लावलेल्या छापील यादीत त्या क्रमांकापुढची ओळ चक्क कोरी ठेवलेली होती. नाव नाही, गायक नाही, नुसता आकडा आणि पुढे मोकळी जागा. नाव छापलं असतं तर इतक्या लोकांनी दोनदा वाचलं नसतं.

आकड्यांत हात घालायला राजकारणच लागतं असं नाही, धंदा पुरतो. चार्टसाठी कोणत्या दुकानांची नोंदवही मोजतात हे गुपित असायला हवं, पण धंद्यातल्या सगळ्यांना ती दुकानं पाठ होती. मग कंपन्यांची माणसं नेमकी तिथेच जाऊन रेकॉर्डी विकत घेणार, दुकानदाराला भेटी देणार, फुकट माल देऊन 'खपला' म्हणून लिहून घेणार. १९८० साली टीव्हीवरच्या एका शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाने हे सगळं चव्हाट्यावर आणलं. १९८३ पासून गॅलप या सर्वेक्षण संस्थेने दुकानांत यंत्रं बसवली आणि हाताने लिहिण्याचा काळ संपला. म्हणून लबाडी संपली असं नाही, तिने कपडे बदलले. एकच गाणं सात इंची रेकॉर्डवर, बारा इंचीवर, रंगीत रेकॉर्डवर, कॅसेटवर, दोन वेगवेगळ्या सीडींवर आणि प्रत्येकात एखादं जास्तीचं गाणं. निस्सीम चाहता सगळी घेणार, आणि एका माणसाची चार-पाच मतं पडणार. १४ ऑगस्ट १९९५ ला ब्लर आणि ओएसिस या दोन बँडची सिंगल्स एकाच दिवशी बाजारात आली तेव्हा संध्याकाळच्या बातम्यांत त्याची दखल घेतली गेली. ब्लर २ लाख ७४ हजार, ओएसिस २ लाख १६ हजार. ब्लरच्या सीडी दोन प्रकारच्या होत्या, हे ओएसिसवाले तुम्हाला लगेच ऐकवतील.

मग नियम आले. किती प्रकार मोजायचे, कमीत कमी किंमत किती, किती मिनिटांपर्यंतची रेकॉर्ड सिंगल म्हणायची. यातल्या शेवटच्या नियमाशी दी ऑर्ब या मंडळींनी १९९२ साली जो खेळ केला तो माझा सर्वांत आवडता. सिंगलची मर्यादा होती ४० मिनिटं. त्यांनी 'ब्लू रूम' नावाचं ३९ मिनिटं ५७ सेकंदांचं गाणं काढलं. तीन सेकंद राखून! आणि ते आठव्या क्रमांकापर्यंत गेलं, त्यामुळे 'टॉप ऑफ द पॉप्स' या बीबीसीच्या कार्यक्रमात त्यांना बोलवावं लागलं, जिथे एका गाण्याला जेमतेम तीन-चार मिनिटं मिळत. गाण्याचा एक तुकडा वाजत राहिला आणि हे दोघे मंचावर बसून बुद्धिबळ खेळत राहिले. वाद्य नाही, माइक नाही, समोर पट आणि सोंगट्या.

आता पाचगणीला जाऊ. फारोख बलसारा नावाचा झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा तिथल्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहिला, तिथे पियानो शिकला, मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. साताऱ्याहून पाचगणी कितीशी लांब? पण फ्रेडी मर्क्युरी आमच्या जिल्ह्यात शिकला हे आम्हाला शाळेत असताना कोणी सांगितलं नाही. मला ते कळलं तो गेल्यावर, वर्तमानपत्रातल्या मृत्युलेखात. त्याच्या क्वीन या बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' १९७५ च्या नोव्हेंबरात पहिलं आलं आणि नाताळ ओलांडून नऊ आठवडे टिकलं. जवळपास सहा मिनिटांचं, ध्रुवपद नसलेलं गाणं. त्याला खाली खेचलं ते ॲबाच्या 'मामा मिया'ने, आणि 'मामा मिया' हे शब्द क्वीनच्या त्या गाण्यात आधीच ठासून भरलेले! चार्टच्या नादी लागलेला माणूस असल्या गोष्टींवर आठवडाभर खूश राहू शकतो. २४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी गेला, गाणं पुन्हा बाजारात आलं, पुन्हा पहिलं, पुन्हा नाताळात. एकाच कलाकाराचं तेच ध्वनिमुद्रण दोन वेगवेगळ्या प्रकाशनांत नाताळचा नंबर वन होण्याची ती पहिली वेळ.

मृत्यूने गाणं वर जातं, हे चार्टच्या इतिहासात वारंवार दिसतं आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. माणूस गेला की लोक त्याच्या घरी जातात. गायकाचं घर कुठे असतं?

भारतात जन्मलेले म्हणून क्लिफ रिचर्डचंही नाव घ्यायला हवं. जन्म लखनौचा, १९४० चा, आणि पन्नास, साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद अशा सलग पाच दशकांत नंबर वन देणारा तो एकटाच. पण क्लिफ काय किंवा एंगलबर्ट काय, ते भारतात जन्मलेले इंग्रजच. खरी गंमत नव्वदच्या दशकातली आहे आणि ती कोणी फारशी सांगत नाही. १९९६ च्या जानेवारीत बॅबिलोन झू पहिल्या क्रमांकावर, गायक जस मान, पंजाबी वंशाचा. जीन्सच्या जाहिरातीतून आलेलं गाणं; पहिल्याच आठवड्यात चार लाखांवर प्रती. १९९७ च्या जानेवारीत व्हाइट टाउन, म्हणजे एकटा ज्योती मिश्रा, जन्म राउरकेलाचा, गाणं डर्बीतल्या घरी ध्वनिमुद्रित केलेलं. आणि १९९८ च्या फेब्रुवारीत कॉर्नरशॉपचं 'ब्रिमफुल ऑफ आशा'. सलग तीन हिवाळे.

यातली आशा म्हणजे आपल्या आशाबाई, सांगलीच्या मातीतल्या. तजिंदर सिंग या गायकाने लहानपणी घरात ऐकलेल्या हिंदी गाण्यांना, पार्श्वगायनाला, पंचेचाळीसच्या वेगाने फिरणाऱ्या रेकॉर्डला वाहिलेलं हे गाणं. त्यात रफी आहेत, लताबाई आहेत. १९९७ ला ते आलं तेव्हा साठाव्या क्रमांकाच्या वर गेलं नाही. मग नॉर्मन कुक या डीजेने त्याचा वेग वाढवून, ठेका जाड करून नवं रूप दिलं आणि ते थेट पहिलं. 'टायटॅनिक'च्या गाण्याला हटवून, फक्त एका आठवड्यासाठी. पुढच्या आठवड्यात मॅडोना आली. एका आठवड्याचं राज्य, पण त्या आठवड्यात ब्रिटनभर पोरं आशाबाईंचं नाव घेऊन नाचत होती. आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाईंना कळवलं का त्यांनी?"

लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनाही असंच सांगायला हवं होतं. ब्रिटनी स्पीअर्सचं 'टॉक्सिक' २००४ च्या मार्चमध्ये ब्रिटनमध्ये पहिलं आलं. त्यातले अंगावर येणारे व्हायोलिनचे तुकडे १९८१ च्या 'एक दूजे के लिये'मधल्या 'तेरे मेरे बीच में'मधून उचललेले आहेत. आमच्या पिढीच्या कोणत्याही मराठी माणसाला ते दोन सेकंदांत ओळखू येतात, ब्रिटनीला येवोत न येवोत.

नाताळाच्या नंबर वनवर ब्रिटनमध्ये सट्टा लागतो. टीव्हीवरच्या गायन स्पर्धेचा विजेता दरवर्षी ही जागा घ्यायला लागला तेव्हा २००९ साली एका जोडप्याने इंटरनेटवर मोहीम काढली आणि रेज अगेन्स्ट द मशीनचं शिव्यांनी भरलेलं, १९९२ सालचं गाणं लोकांकडून विकत घ्यायला लावून पहिलं आणलं. पाच लाखांवर डाउनलोड. ही मोहीम मला आवडते. त्यानंतर २०१८ ते २०२२ अशी सलग पाच वर्षं बहुतेक सॉसेज रोलवरचीच गाणी नाताळात पहिली आली, धर्मादायासाठी. त्याबद्दल बोलायची माझी इच्छा नाही.

व्हॅमचं 'लास्ट ख्रिसमस' मात्र सांगायलाच हवं. १९८४ ला ते दुसरं आलं, कारण पुढे इथियोपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी केलेलं बँड एडचं गाणं होतं. त्या गाण्यातही व्हॅमचा गायक जॉर्ज मायकल गायला होता, म्हणजे पहिल्या दोन्ही ठिकाणी तोच. आणि 'लास्ट ख्रिसमस'चेही पैसे त्याच मदतीला गेले. ते पहिलं आलं ते २०२१ च्या १ जानेवारीला, छत्तीस वर्षांनी. जॉर्ज मायकल २०१६ च्या नाताळच्या दिवशीच गेला होता. नाताळचा नंबर वन व्हायला तर त्याला २०२३ उजाडावं लागलं.

हे शक्य झालं कारण मधल्या काळात मोजायची वस्तूच बदलली. २००५ पासून डाउनलोड मुख्य चार्टमध्ये धरायला लागले. दुकानातली विक्री आटलेली आणि डाउनलोड पुरते आलेले नाहीत अशा मधल्या काळात २००६ साली ऑर्सन नावाच्या बँडने १७,६९४ प्रतींवर नंबर वन मिळवला. ब्लरच्या अठ्ठावन्न हजार कमी-जास्तीच्या गप्पा कुठे आणि हे कुठे! २०१४ पासून ऑनलाइन ऐकणंही मोजलं जाऊ लागलं, सुरुवातीला शंभर वेळा ऐकणं म्हणजे एक विक्री. पुढे पैसे भरणाऱ्याचं ऐकणं वेगळं आणि फुकट्याचं वेगळं. २०१८ पासून पैसे भरणाऱ्यांची शंभर ऐकणी म्हणजे एक, फुकट ऐकणाऱ्यांची सहाशे म्हणजे एक. बाराबलुतेदारीत वाटे ठरावेत तसं.

पूर्वी गाणं विकत घेताना माणूस एकदाच ठरवायचा. घरी नेल्यावर ती रेकॉर्ड झिजेपर्यंत वाजवली की पहिल्या दिवशीच कपाटात टाकली, याचं चार्टला देणंघेणं नव्हतं. आता उलटं. जुनं गाणं कोणी रोज लावत असेल तर ते रोज मोजलं जातं, जिममध्ये मागे आपोआप वाजलं तरी मोजलं जातं. त्यामुळे गाणी उतरतच नाहीत. याचा कळस २०१७ च्या मार्चमध्ये झाला. एड शीरनचा नवा अल्बम आला आणि पहिल्या वीसांत सोळा गाणी त्याचीच. चार्टवाल्यांचं धाबं दणाणलं. त्याच वर्षी जुलैपासून नियम झाला की एका मुख्य कलाकाराची जास्तीत जास्त तीनच गाणी पहिल्या शंभरांत धरायची. आणि दुसरा असा की बरेच आठवडे काढलेलं गाणं सलग तीन आठवडे उतरणीला लागलं, की त्यापुढे त्याची ऐकणी निम्मीच मोजायची. आपलं सरताज गीत, पण बिगुल न वाजवता मागच्या दाराने.

या दुसऱ्या नियमाने २०२२ साली चांगलीच पंचाईत केली. केट बुशचं १९८५ सालचं 'रनिंग अप दॅट हिल' एका टीव्ही मालिकेत आलं आणि पोरासोरांनी ते डोक्यावर घेतलं. ऐकलं जात होतं सगळ्यांत जास्त, पण जुनं गाणं म्हणून आधीपासूनच मोजलं जात होतं निम्मं, त्यामुळे हॅरी स्टाइल्सच्या खाली. शेवटी चार्टवाल्यांनी त्याला नियमातून सूट दिली आणि जूनमध्ये ते पहिलं आलं, प्रकाशनानंतर सदतीस वर्षांनी. केटचा याआधीचा नंबर वन १९७८ चा होता. सूट दिली ते बरंच केलं, पण मग नियम कशाला होता?

तीन गाण्यांच्या नियमावर माझा त्याहून मोठा राग आहे. सोळा गाणी सगळ्यांत जास्त ऐकली गेली असतील तर सोळा लिहा. यादी कंटाळवाणी दिसते म्हणून ती दुरुस्त करणं हे यादी करणाऱ्याचं काम नाही. अमेरिकेत ४ एप्रिल १९६४ च्या बिलबोर्ड हॉट हंड्रेडमध्ये पहिली पाचही गाणी बीटल्सची होती, आणि आजही ती यादी लोक चौकटीत लावून ठेवतात. 'कान्ट बाय मी लव्ह', 'ट्विस्ट अँड शाउट', 'शी लव्ह्ज यू', 'आय वाँट टू होल्ड युअर हँड', आणि पाचवं 'प्लीज प्लीज मी'. आजचा ब्रिटिश नियम त्या आठवड्याला लावला तर वरची तीन राहतील आणि खालची दोन यादीतूनच जातील. म्हणजे 'प्लीज प्लीज मी' तिथेही गेलं.